मुलांच्या हातातील कॅमेरा : केंटकीच्या डोंगरवस्तीतील एका शिक्षणप्रयोगाचा इतिहास

महोत्सवाचे वर्ष उजाडले की घरोघरच्या जुन्या पेट्या उघडल्या जातात. आमच्या धर्मग्रामातही तसेच झाले. स्मरणिका समितीने निरोप धाडताच पंधरवड्याच्या आत धर्मगुरुनिवासातील लांब मेज जुन्या फोटोंनी भरून गेले. नवदीक्षित धर्मगुरूंची पहिली मिस्सा, विवाह, बिशपमहाराजांचे स्वागत, शाळेच्या कोनशिलेचा समारंभ, असे कितीतरी प्रसंग त्यांत होते. ते पाहता पाहता एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. ज्यांच्या घरी कॅमेरा होता, किंवा फोटोवाल्यास बोलावण्याची ज्यांची ऐपत होती, त्यांची नावे फोटोंच्या पाठीवर सुवाच्य अक्षरांत लिहिलेली होती. मांडव घालणारे, पंगतीची भांडी घासणारे, वाजंत्री वाजविणारे हेही फोटोत होते. परंतु ते कडेला उभे होते, आणि त्यांची नावे लिहून ठेवावीत असे कोणास वाटले नव्हते.

ही उणीव दाखविताना आमचा स्वतःचा एक अपराधही कबूल केला पाहिजे. गुरुदीक्षा होऊन दोन-तीनच वर्षे झाली असता, आम्ही ज्या भागात सेवेस होतो तेथील एका दूरच्या वस्तीतील घरांची छपरे वादळात उडाली. मदत मिळावी म्हणून पत्रक काढावयाचे होते. मोडक्या दाराशी बसलेल्या एका वृद्ध आजीचा फोटो आम्ही तिला न विचारता घेतला आणि पत्रकावर छापला. मदत आली, छपरे झाली. पुढे ते पत्रक त्या आजीच्या हाती पडले. ती रागावली नाही, एवढेच म्हणाली, "फादर, आधी सांगितलं असतंत, तर लुगडं तरी बदललं असतं."

यंदा महोत्सवानिमित्त आमच्या तरुण मंडळाने छायाचित्रणाचा वर्ग सुरू करण्याची परवानगी मागितली, तेव्हा काही वडीलधाऱ्या मंडळींनी पृच्छा केली की, हल्ली ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल असता या वर्गाचे प्रयोजन काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा इतिहासाने द्यावे असे आम्हांस वाटते. यास्तव, वाचकहो, आम्ही आपणांस काही काळ अमेरिकेतील केंटकी राज्याच्या पूर्व टोकास, लेचर काउंटी नामक डोंगराळ परगण्यात नेऊ इच्छितो. कॅमेऱ्यामुळे मनुष्याचा प्राण गेला आणि पुढे त्याच कॅमेऱ्याने मुलांस आपले घर नव्याने पाहावयास शिकविले, अशा दोन्ही गोष्टी त्या एकाच परगण्यात अवघ्या दहा-पंधरा वर्षांच्या अंतराने घडल्या.

हा मुलूख अपालाचिया पर्वताच्या कुशीत आहे. अरुंद दऱ्या, दरीच्या तळाशी ओढा, ओढ्याकाठी एखाददुसरे घर, आणि डोंगराच्या पोटात कोळसा. विसाव्या शतकाच्या आरंभी आगगाडी आली, तिच्यामागोमाग खाणींच्या कंपन्या आल्या आणि शेतकऱ्यांचे खाणकामगार झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर खाणींत यंत्रे आली; हजारोंचे काम गेले; अनेक कुटुंबे उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत गेली. जे मागे राहिले त्यांच्या वाट्यास उकरलेले डोंगर, गढूळ पाणी आणि बेकारी आली. या परगण्याचे मुख्य गाव व्हाइट्सबर्ग. तेथील वकील हॅरी कॉडिल यांनी १९६३ साली 'नाइट कम्स टू द कंबरलँड्स' हा ग्रंथ लिहून या दुर्दशेची हकीकत देशापुढे मांडली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६४ च्या जानेवारीत, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले, आणि एप्रिल महिन्यात ते पूर्व केंटकीतील आयनेझ या गावी जाऊन एका बेकार गृहस्थाच्या ओसरीवर बसले. त्या भेटीचे फोटो देशभर छापून आले. ती ओसरी दारिद्र्याची खूण होऊन बसली.

त्यानंतर या दऱ्याखोऱ्यांत कॅमेऱ्यांची रीघ लागली. वृत्तपत्रांचे, दूरचित्रवाणीचे, चित्रपटांचे लोक येत, मोडकी ओसरी आणि अनवाणी मूल शोधून काढीत, आणि फोटो घेऊन निघून जात. त्यांतील पुष्कळांचा हेतू चांगला होता, आणि त्या चित्रांमुळे सरकारी मदतही आली. परंतु ज्यांची चित्रे छापली गेली त्यांना काय वाटले, हे फारसे कोणी विचारले नाही. आपणां भारतीयांस हे दुःख नवे नाही. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यांत या देशातील नाना जातीजमातींच्या माणसांचे फोटो नमुन्यादाखल मांडलेले आहेत. चेहरा एका माणसाचा आणि खाली नाव मात्र जातीचे, असा प्रकार त्यांत पदोपदी दिसतो.

लेचर परगण्यात या गोष्टीचा शेवट भयंकर झाला. ह्यू ओ'कॉनर हे कॅनडातील नामांकित चित्रपटकार अमेरिकेतील जनजीवनावरील एका चित्रपटासाठी आपल्या सहकाऱ्यांसह तेथे आले होते. २० सप्टेंबर १९६७ रोजी जेरेमाया नामक वस्तीत, भाड्याच्या एका लहान घराच्या ओसरीवर एक खाणकामगार आपल्या मुलास घेऊन बसला होता. त्याची परवानगी घेऊन ही मंडळी चित्रीकरण करीत असता घराचा मालक होबार्ट आयसन तेथे पिस्तूल घेऊन आला. माझ्या जागेतून चालते व्हा, असे त्याने बजावले. मंडळी सामान उचलून निघाली असताना त्याने गोळ्या झाडल्या, आणि ओ'कॉनर जागच्या जागी गतप्राण झाले. खटला शेजारच्या हार्लन परगण्यात चालला. पहिल्या वेळी ज्युरीचे एकमत झाले नाही. १९६९ साली आयसनने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला व त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांपैकी सुमारे एक वर्ष भोगून तो सुटला. शोचनीय गोष्ट ही की, परगण्यातील अनेकांची सहानुभूती मारणाऱ्याकडे होती. परके लोक येऊन आमची अब्रू घेतात, हा राग पुष्कळांच्या मनात साचलेला होता.

हत्येचे समर्थन कोणत्याही सबबीखाली होऊ शकत नाही. ओ'कॉनर यांनी ओसरीवर बसलेल्या माणसास विचारले होते, हेही विसरता कामा नये. तथापि त्या गोळीमागे जो प्रश्न दडलेला होता तो खरा होता. गरिबाचे चित्र कोणी काढावे, ते कोणास दाखवावे, आणि त्याखाली काय लिहावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

या प्रश्नास पहिले उत्तर व्हाइट्सबर्ग गावातच मिळाले, आणि तेही ज्या वर्षी खटला संपला त्याच वर्षी. १९६९ साली सरकारच्या दारिद्र्यनिर्मूलन खात्याने व अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने तेथील तरुणांस चित्रपटाचे तंत्र शिकविण्यासाठी एक कार्यशाळा उघडली. मुलांनी कॅमेरा, ध्वनिमुद्रण व संकलन शिकावे आणि शहरात जाऊन नोकरी धरावी, अशी योजना होती. मुले तंत्र शिकली. परंतु त्यांतील कित्येकांनी गाव सोडले नाही. आपल्याच आजोबांचे, खाणींचे, सुइणींचे, वाद्ये वाजविणाऱ्यांचे चित्रपट ती काढू लागली. सरकारी पैसा आटल्यावर या तरुणांनीच ती संस्था चालविण्याची जबाबदारी घेतली. ॲपलशॉप या नावाने ती पुढे नाटक, संगीत व रेडिओ यांतही नावारूपास आली.

याच सुमारास तेथे एक तरुण शिक्षिका आली. तिचे नाव वेंडी ईवाल्ड. जन्म १९५१ सालचा, डेट्रॉइट शहरातला. १९६९ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, कॅनडाच्या लॅब्राडोर प्रांतातील आदिवासी इन्नू मुलांस छायाचित्रण शिकविण्यास ती गेली होती. ती स्वतः फोटो काढीत असे व मुलेही काढीत. दोहोंची तुलना करता मुलांच्या चित्रांत तिला असे काही दिसले की जे तिच्या स्वतःच्या चित्रांत उतरत नव्हते. कारण ती पाहुणी होती आणि मुले घरची होती. हा अनुभव गाठीशी घेऊन १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास ती लेचर परगण्यात राहावयास आली. आठ दिवसांसाठी येऊन फोटो घेऊन जाणाऱ्यांपैकी ती नव्हती. कित्येक वर्षे तिचे घर तेथेच होते. काउअन, कॅम्पबेल्स ब्रँच आणि किंगडम कम या तीन गावांच्या लहान शाळांत ती सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिकवू लागली. 'किंगडम कम' हे शब्द प्रभूच्या प्रार्थनेतील 'तुझे राज्य येवो' या विनवणीचे इंग्रजी शब्द आहेत, हे आमच्या वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

ईवाल्डबाईंच्या शिकवण्याची रीत बारकाईने पाहण्याजोगी आहे. मुलांजवळ असे तो कोडॅक कंपनीचा इन्स्टामॅटिक कॅमेरा. १९६३ साली निघालेला हा कॅमेरा फार साधा होता. फिल्म एका बंद डबीत येई. ती आत बसविली की झाले. डबीत बारा किंवा वीस चित्रांपुरती फिल्म असे, आणि चित्र चौकोनी निघे. हे कॅमेरे बाईंनी खिरापतीसारखे वाटले नाहीत. मुलांनी दहा डॉलर देऊन कॅमेरा स्वतःचा करून घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या कमाईची वस्तू मनुष्य जपून वापरतो, आणि तिच्यावर आपला हक्क आहे असेही मानतो.

वर्गाचा आरंभ बोलण्याने होई. फोटो म्हणजे काय, चौकटीच्या आत काय घ्यावे व बाहेर काय सोडावे, खाली बसून पाहिले तर काय दिसते आणि उंचावरून पाहिले तर काय, अशी चर्चा चाले. मग कामगिरी सांगितली जाई: प्रथम स्वतःचे चित्र काढा, नंतर घरच्यांचे, नंतर जनावरांचे, आणि शेवटी तुमच्या स्वप्नांचे. यांतील क्रम विचारपूर्वक ठरविलेला आहे. जो मुलगा प्रथम स्वतः कॅमेऱ्यापुढे उभा राहतो, त्यास दुसऱ्यास उभे करताना त्याच्या मनाची कल्पना असते.

फोटो काढून काम संपत नसे. शाळेतच काळोखी खोली तयार केलेली होती, आणि तेथे मुले आपली फिल्म आपल्या हाताने धूत व कागदावर छापीत. ज्यांनी हे काम कधी पाहिले नाही अशा आमच्या तरुण वाचकांसाठी थोडे विवरण करतो. फिल्म धुण्याचा आरंभ संपूर्ण अंधारात, केवळ बोटांच्या स्पर्शाने करावा लागतो. तिच्यावर पांढरे ते काळे व काळे ते पांढरे असे उलटे चित्र उमटते; तिला निगेटिव्ह म्हणतात. पुढे लाल दिव्याच्या मंद उजेडात या निगेटिव्हमधून प्रकाश पाडून तो कागदावर घ्यावयाचा, आणि तो कोरा दिसणारा कागद रसायनाच्या तबकात सोडावयाचा. काही क्षण काहीच होत नाही. मग हळूहळू डोळे दिसू लागतात, केस, कुंपण, डोंगर. वेळेवर कागद उचलला नाही तर चित्र काळवंडून जाते. घाईने उचलला तर फिकट राहते. दुसऱ्या तबकात विकास थांबवावयाचा, तिसऱ्यात चित्र पक्के करावयाचे, आणि मग स्वच्छ पाण्यात पुष्कळ वेळ धुवावयाचे. दहा वर्षांच्या मुलास धीर, मापात वागणे आणि हातातील कामाची जबाबदारी शिकविणारी याहून चांगली शाळा आम्हांस ठाऊक नाही.

या मुलांनी काय टिपले? बाहेरच्यांनी टिपलेली ओसरी त्यांच्याही चित्रांत आहे. गरिबी कोणी लपविलेली नाही. परंतु ती चित्राचा विषय राहिलेली नाही. एक मुलगा आपल्या म्हाताऱ्या घोड्याच्या पाठीवर उताणा पडलेला आहे. एका मुलीने आपल्या जुळ्या भावांस परग्रहावरील प्राणी करून त्यांच्या अंतराळयानात बसविले आहे. त्याच मुलीने दोन्ही हात आकाशाकडे उंचावून स्वतःचे चित्र घेतले, आणि आपण लाल ताऱ्याच्या आकाशास हात लावीत आहोत, असे खाली लिहिले. स्वप्नांच्या कामगिरीत एका मुलाने, आपण आपल्या जिवलग मित्रास मारून टाकले असे पडलेले स्वप्न उभे केले. झाडाच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात तो मित्र निपचित पडलेला दिसतो. हे चित्र पाहून कोणी वडील मनुष्य दचकेल. परंतु मुलांच्या मनात भीती असते, आणि ती बोलून दाखविण्यास त्यांस शब्द सापडत नाहीत, हे आम्हांस धर्मशिक्षणाच्या वर्गात तीस वर्षे पाहून माहीत आहे. त्या मुलास मित्राची मदत घेऊनच ते चित्र करावे लागले, यातच त्या भीतीवरील उतारा होता असे आम्हांस वाटते.

ही चित्रे व मुलांच्या तोंडच्या हकीकती १९८५ साली 'पोर्ट्रेट्स अँड ड्रीम्स' या ग्रंथात प्रसिद्ध झाल्या. प्रत्येक चित्राखाली ते काढणाऱ्या मुलाचे नाव आहे. आमच्या मते या ग्रंथाची थोरवी त्या नावांत आहे. ज्या परगण्याचे चेहरे वीस वर्षे निनावी छापले गेले, तेथील मुले येथे चित्रकर्ते म्हणून पुढे आली.

या कामाची खरी परीक्षा मात्र पुष्कळ पुढे झाली. मुलांस काही दिवस गुंतवून ठेवणारे उपक्रम अनेक असतात; त्यांचे पुढे काय उरते, हे पाहण्यास सहसा कोणी परत येत नाही. ईवाल्डबाई परत गेल्या. ती मुले आता मध्यमवयीन झाली होती. कोणी जवळच राहत होते, कोणी दूर गेले होते. त्यांच्या भेटींवर आधारलेला माहितीपट २०२० साली अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आला, आणि त्याच वर्षी मूळ ग्रंथाची वाढविलेली आवृत्ती निघाली. या माहितीपटाच्या दुसऱ्या दिग्दर्शिका एलिझाबेथ बॅरेट या त्याच डोंगराळ मुलुखात वाढलेल्या आणि ॲपलशॉपमध्ये काम केलेल्या. ओ'कॉनर यांच्या हत्येवर 'स्ट्रेंजर विथ अ कॅमेरा' हा चित्रपट २००० साली त्यांनीच काढला होता. त्या घटनेकडे त्यांनी मारणाऱ्याच्या व मरणाऱ्याच्या अशा दोन्ही बाजूंनी पाहिले. त्याच मुलुखातली मुलगी कॅमेरा शिकून त्या मुलुखाच्या सर्वांत अवघड आठवणीस सामोरी गेली, हे ॲपलशॉपच्या त्या पहिल्या कार्यशाळेचे फळ होय.

केंटकीत जे साधले ते इतरत्रही नेण्याचा प्रयत्न ईवाल्डबाईंनी केला. १९८० नंतर त्यांनी कोलंबियात, १९९० नंतर मेक्सिकोच्या चियापास प्रांतात मुलांस शिकविले. १९८९ च्या सुमारास त्या आपल्या शेजारच्या गुजरातेतील एका खेड्यातही येऊन राहिल्या. त्या खेड्यातील मुलांची चित्रे व कथा १९९६ साली ग्रंथरूपाने निघाल्या. पुढे उत्तर कॅरोलिनातील डरहॅम शहरात ड्यूक विद्यापीठाच्या साह्याने त्यांनी छायाचित्रणास वाचन-लेखनाची जोड दिली. मुलांनी आधी लिहावे, मग फोटो काढावा, आणि फोटो पाहून पुन्हा लिहावे, अशी ती पद्धत आहे. जे मूल निबंधाच्या कोऱ्या पानापुढे गप्प बसते, ते आपल्या आईच्या फोटोविषयी दोन पाने लिहिते. त्याच शहरात त्यांनी गोऱ्या व काळ्या मुलांस सांगितले की, प्रथम स्वतःचे चित्र करा. नंतर, आपण दुसऱ्या वर्णाचे असतो तर कसे असतो, ते चित्र करा. मुलांनी निगेटिव्हवर ओरखडे काढून व अक्षरे लिहून ही चित्रे पुरी केली. शेजारच्या मुलाविषयी आपल्या मनात काय साठलेले आहे, हे मुलांस त्या ओरखड्यांतून दिसले.

आता या नाण्याची दुसरी बाजूही सांगणे न्यायाचे आहे. आपल्याच देशातील एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. झाना ब्रिस्की या इंग्लंडात जन्मलेल्या छायाचित्रकर्तीने कलकत्त्याच्या सोनागाछी वस्तीत, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांस २००० सालापासून छायाचित्रण शिकविले. मुलांची चित्रे परदेशांत मांडली गेली, त्यांच्या विक्रीतून शिक्षणासाठी पैसा उभा राहिला, आणि या वर्गावर ब्रिस्की व रॉस कॉफमन यांनी केलेल्या 'बॉर्न इंटू ब्रॉथल्स' या माहितीपटास २००५ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्यांतील एका मुलास पुढे अमेरिकेच्या विद्यापीठात चित्रपटाचे शिक्षणही मिळाले. हे सर्व स्तुत्य होय. परंतु त्या वस्तीतील स्त्रियांच्या संघटनेने या माहितीपटावर जाहीर टीका केली. आम्ही आमच्या मुलांसाठी जे करतो त्याची दखल न घेता आम्हांस निष्ठुर माता म्हणून जगापुढे उभे केले, असे त्यांचे म्हणणे होते. मुलांच्या हाती कॅमेरा आला हे खरे. पण मुलांवर व त्यांच्या आयांवर रोखलेला मोठा कॅमेरा दुसऱ्याच्याच हाती राहिला. आम्ही येथे कोणासही दोषी ठरवीत नाही. मोडक्या दाराशी बसलेल्या आजीचा फोटो ज्याने छापला, त्याने इतरांचा न्याय करू नये. तथापि या उदाहरणावरून एवढे शिकावे की, मुलास शिकविताना त्याच्या आईस वगळून चालत नाही.

लेचर परगण्याच्या कथेतील एक शेवटचा प्रसंग सांगावयाचा राहिला. २०२२ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस पूर्व केंटकीत महापूर आला. व्हाइट्सबर्ग गावातील नदी पात्र सोडून ॲपलशॉपच्या इमारतीत शिरली, आणि अर्धशतकाहून अधिक काळ जमविलेल्या फिल्म, ध्वनिफिती, फोटो व कागद पाण्याखाली गेले. पूर ओसरल्यावर संस्थेची माणसे व गावचे लोक चिखलातून एकेक डबी वेचू लागले. कोणे काळी ज्या मुलुखात परक्याच्या कॅमेऱ्यावर गोळी झाडली गेली, तेथेच आता लोक चिखलात उतरून फिल्मच्या डब्या वाचवीत होते. या दोहोंमध्ये पंचावन्न वर्षांचे अंतर आहे. आपल्या माणसांनी, आपल्या नावाने काढलेली चित्रे लोक आपली मानतात आणि जिवापाड जपतात, याचा याहून मोठा पुरावा आम्हांस नको.

धर्मग्रामस्थहो, आता आपल्या वर्गाकडे वळू. खिशात मोबाईल असताना वर्ग कशास, हा प्रश्न होता. मोबाईलने फोटो काढणे सोपे झाले. विचारून काढणे त्याने शिकविले नाही. बारा चित्रांची फिल्म असलेला मुलगा बटण दाबण्यापूर्वी थांबत असे; आज बाराशे फोटो काढणारा थांबत नाही, आणि त्यांतील एकही पुन्हा पाहत नाही. यास्तव आम्ही वर्गास परवानगी दिली आहे, आणि वरील इतिहासातून घेतलेले चार नियम त्यास घालून दिले आहेत. पहिला, आरंभ स्वतःच्या व स्वतःच्या घरच्या चित्रापासून करावा. दुसऱ्याच्या वस्तीत दारिद्र्य शोधीत फिरू नये. दुसरा, ज्याचा फोटो घ्यावयाचा त्यास आधी विचारावे, आणि तो नाही म्हणाला तर कॅमेरा खाली करावा; मुलांच्या बाबतीत आईवडिलांसही विचारावे. तिसरा, ज्याचा फोटो घेतला त्यास एक प्रत छापून नेऊन द्यावी. चौथा, प्रत्येक फोटोखाली दोन नावे लिहावीत, काढणाऱ्याचे आणि फोटोत असलेल्याचे.

महोत्सवाच्या सप्ताहात या मुलांच्या फोटोंचे प्रदर्शन शाळेच्या सभागृहात भरेल. जुन्या पेट्यांतून आलेले फोटोही तेथे मांडू. त्यांत कडेला उभे असलेल्या एखाद्या माणसाचे नाव ज्यास ठाऊक असेल, त्याने ते तेथे ठेवलेल्या वहीत लिहावे, ही आमची कळकळीची विनंती आहे. कोणी मांडव घातला, कोणी पाणी भरले, हे सांगू शकणारी म्हातारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, आणि पुढच्या महोत्सवापर्यंत ही नावे कोणाच्याही आठवणीत उरणार नाहीत.

ती आजी देवाघरी जाऊन फार वर्षे झाली. तिचा एकुलता एक फोटो आमच्या हातचा, आणि तोही तिच्या मनाविरुद्धचा. जर त्या दिवशी आम्ही विचारले असते, तर ती आत जाऊन लुगडे बदलून आली असती, केस नीट केले असते, आणि कोणास ठाऊक, नातवासही शेजारी बसविले असते. पत्रकासाठी तो फोटो कदाचित तितका उपयोगी पडला नसता. परंतु तिच्या घरच्यांनी तो भिंतीवर लावला असता.